नको असलेली पत्रे आणि शक्यतेची गाळणी

एखाद्या दुकानदाराने आपल्या नव्या मालाची जाहिरात दहा हजार घरी टपालाने पाठवायची ठरवली, तर त्याला काय काय करावे लागेल? पत्रके छापून घ्यावी लागतील, पाकिटे आणावी लागतील, पत्ते लिहावे लागतील आणि प्रत्येक पाकिटावर तिकीट लावावे लागेल. एका पत्रामागे पाच ते सात रुपये खर्च धरला, तरी पन्नास ते सत्तर हजार रुपये जातील. म्हणून तो आधी विचार करील की या दहा हजारांपैकी माझा माल हवा कोणाला? नांगराचे फाळ विकणारा माणूस शहरातल्या सदनिकांमध्ये पत्रके पाठवणार नाही. त्याला कोणी मनाई केलेली नसते; खर्चच त्याला अडवतो. टपालाच्या व्यवस्थेत खर्च ही एक गाळणीच असते.

ई-मेलमध्ये ही गाळणी नाही. एक पत्र पाठवायला जो खर्च येतो, जवळजवळ तेवढ्यातच दहा हजार किंवा दहा लाख पत्रे पाठवता येतात. वाचण्याचे, निवडण्याचे आणि पुसून टाकण्याचे श्रम मात्र ज्याला पत्र मिळते त्याचे. नको असलेल्या ई-मेलचा सारा प्रश्न या एका गोष्टीतून जन्माला येतो. म्हणून पाठवणाऱ्याकडे नसलेली गाळणी घेणाऱ्याला आपल्या दारात बसवावी लागते.

ही गाळणी कशी चालते आणि तिच्याकडून कोणत्या चुका होतात, हे या लेखात पाहू या. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत अनेक लहान कारखाने आहेत. समजा, तशाच एका कारखान्यात आठ माणसे काम करतात आणि पंपांसाठी लागणारे व्हॉल्व्ह तयार होतात. रोज सुमारे ५० ई-पत्रे येतात. त्यांतली ३० कामाची नसतात. उरलेल्या २० पत्रांत ग्राहकांच्या चौकशा, कच्च्या मालाची बिले आणि एखादी मोठी मागणीही असते. कारखाना आणि त्याचे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अडचण खरी आहे. कचरा तर काढायचा, पण त्यासोबत मागणीचे पत्र जाता कामा नये.

एक पैशाचे तिकीट

अशा पत्रांची सुरुवात इंटरनेट घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी झाली. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी, नव्या संगणकांचे प्रात्यक्षिक पाहायला या, असे निमंत्रण अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० पत्त्यांवर एकदम पाठवले. त्यावर लगेच तक्रारी झाल्या. अशा पत्रांना 'स्पॅम' हे नाव पुढे मिळाले. स्पॅम हा हॉर्मेल या अमेरिकन कंपनीचा डबाबंद मांसाचा प्रकार. तो १९३७ पासून विकला जातो. १९७० साली मॉन्टी पायथन या ब्रिटिश मंडळींनी दूरचित्रवाणीवर एक प्रहसन केले. त्यातील उपाहारगृहात जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या शब्दाच्या गजरात बाकीचे बोलणे ऐकूच येत नाही. नको असलेल्या पत्रांच्या गर्दीत कामाचे पत्र असेच बुडून जाते.

पण अशा पत्रांना भुलून कोणी खरेदी करते का? २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो येथील संशोधकांनी याचे मोजमाप केले. स्पॅम पाठवणाऱ्या एका मोठ्या जाळ्याच्या लहानशा भागात त्यांनी शिरकाव केला. त्या पत्रांतील दुवे बदलून ते स्वतः तयार केलेल्या निरुपद्रवी नकली दुकानाकडे वळवले. २६ दिवसांत औषधांची जाहिरात करणारी जवळजवळ ३५ कोटी पत्रे गेली. खरेदीसाठी शेवटच्या पायरीपर्यंत किती जण पोहोचले? फक्त २८.

वर्गात हा भागाकार करून पाहावा. ३५ कोटी भागिले २८ म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! एका खरेदीची सरासरी रक्कम सुमारे १०० डॉलर होती, म्हणजे एकूण विक्री २,७०० डॉलरच्या आसपास झाली असती. त्या वर्षीच्या दराने हे एक-सव्वा लाख रुपये होतात. आता समजा, प्रत्येक पत्राला फक्त एक पैशाचे तिकीट लागले असते. मग ३५ कोटी पत्रांचा खर्च ३५ लाख रुपये झाला असता! एका पैशाच्या तिकिटाने हा धंदा बुडाला असता. खर्च शून्याजवळ असल्यामुळेच सव्वा कोटीत एक गिऱ्हाईकसुद्धा परवडते.

मग ई-पत्राला तिकीट का लावू नये? १९९२ साली सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संगणकशास्त्रज्ञांनी असेच सुचवले होते. तिकीट पैशांचे नव्हते, तर आकडेमोडीचे होते. प्रत्येक पत्रासाठी पाठवणाऱ्याच्या संगणकाने एक छोटे कोडे सोडवायचे. एका पत्राला काही क्षण लागले तर कोणाला जाणवणार नाही, पण दहा लाख पत्रांना ते जड जाईल. कल्पना सुंदर होती, पण एक मोठी अडचण अशी की स्पॅम पाठवणारे बहुधा स्वतःचे संगणक वापरतच नाहीत. घातक प्रोग्रॅम शिरलेले लोकांचे हजारो संगणक मालकांच्या नकळत हे काम करतात. म्हणजे कोडी सोडवण्याचा भारही दुसऱ्याच्याच माथी!

या जाळ्यांना हुकूम देणारी केंद्रे मात्र मोजकी असतात. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅककोलो या कंपनीची इंटरनेट जोडणी तोडण्यात आली. अशी अनेक केंद्रे तिच्या यंत्रांवरून चालत होती. जगातील स्पॅमचे प्रमाण तेव्हा एकाएकी निम्म्याहून खाली आले. काही महिन्यांनी ते पुन्हा वाढले, कारण केंद्रे दुसरीकडे हलली. आपल्या कारखान्यासाठी यातून एक धडा मिळतो. कार्यालयातला जुना, अद्ययावत न केलेला किंवा चोरीच्या प्रोग्रॅमवर चालणारा संगणक स्वतःच स्पॅम पाठवत असू शकतो.

आपला पत्ता त्यांना मिळतो कसा?

याचे मुख्य मार्ग तीन. पहिला म्हणजे वेचणी. इंटरनेटवरील पाने एकामागून एक वाचत जाऊन पत्त्यासारखी दिसणारी अक्षरे टिपणारे प्रोग्रॅम असतात. दुसरा अंदाज. पत्त्यात 'ॲट' चिन्हानंतर जे नाव येते त्याला डोमेन म्हणतात. कंपनीचे डोमेन माहीत असले की त्याआधी 'इन्फो', 'सेल्स', 'अकाउंट्स' असे नेहमीचे शब्द लावून पाहायचे. चारांपैकी एखादा तरी लागतोच. तिसरा मार्ग फुटलेल्या याद्यांचा. ज्या संस्थांकडे आपण कधी नाव नोंदवलेले असते, त्यांच्या याद्या चोरीला जातात किंवा विकल्या जातात.

म्हणून पहिली काळजी पत्त्यांचीच घ्यावी. कारखान्याच्या पाटीवर, बिलावर आणि संकेतस्थळावर एकच सार्वजनिक पत्ता असावा. माणसांचे स्वतःचे पत्ते फक्त प्रत्यक्ष व्यवहार असलेल्यांना द्यावेत. प्रदर्शनात किंवा संकेतस्थळांवर नाव नोंदवण्यासाठी तिसरा, वेगळा पत्ता ठेवावा. तो कचऱ्याने भरला तर बंद करून नवा घेता येतो. ग्राहकांना काही कळवावे लागत नाही.

दुसरी काळजी उत्तराची. अनोळखी पत्राला 'पुन्हा पाठवू नका' असे उत्तर दिले, तर त्यातून पाठवणाऱ्याला एकच माहिती मिळते, ती म्हणजे हा पत्ता जिवंत आहे आणि येथे कोणीतरी वाचते. पत्रातील चित्रे आपोआप उघडल्यानेही हेच घडू शकते. ते चित्र दूरच्या यंत्रावरून मागवले जाते आणि ती मागणी तेथे नोंदली जाते. म्हणून अनोळखी पत्रांतील चित्रे आपोआप न उघडण्याची सोय चालू ठेवावी. ओळखीच्या कंपनीची जाहिरात नको असेल, तर तिच्या पत्राखालील 'यादीतून नाव काढा' ही सोय वापरायला हरकत नाही.

पाकिटावरचे नाव

टपालाच्या पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. ते खरे आहे की नाही हे टपाल कार्यालय तपासत नाही. कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ई-पत्रांची ने-आण ज्या नियमांनी होते ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा हे जाळे मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे होते. पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय त्या मूळ नियमांत नव्हती. जाळे जगभर पसरले, पण हा मोकळेपणा तसाच राहिला. त्यामुळे आपल्या कारखान्याच्या नावाने तिसराच माणूस पत्र पाठवू शकतो.

यावर पुढे तीन उपाय जोडण्यात आले. त्यांची नावे आद्याक्षरांची आहेत: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. इंटरनेटवर डोमेनांची एक सार्वजनिक नोंदवही असते, तिला डीएनएस म्हणतात. ती कोणीही वाचू शकतो, पण एखाद्या डोमेनच्या पानावर त्याचा मालकच लिहू शकतो. हे तिन्ही उपाय या वहीवर उभे आहेत.

एसपीएफमध्ये मालक त्या पानावर लिहून ठेवतो की आमची पत्रे अमुक यंत्रांवरूनच निघतात. पत्र घेणारी यंत्रणा वही उघडून पाहते. पत्र भलत्याच यंत्रावरून आले असेल तर संशय घेते.

डीकेआयएम हे लाखेच्या शिक्क्यासारखे आहे. पाठवणारी यंत्रणा आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने पत्रावर गणिती शिक्का उमटवते. तो तपासण्याची दुसरी किल्ली वहीत सर्वांसाठी ठेवलेली असते. वाटेत मजकुरात फेरफार झाला तर शिक्का जुळत नाही.

डीमार्क हा मालकाचा हुकूम. वाचणाऱ्याला 'पाठवणारा' म्हणून जे डोमेन दिसते, त्याच्याशी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एकाची तपासणी जुळली नाही, तर काय करायचे हे तो सांगतो: नुसती नोंद घ्या, संशयिताच्या खणात टाका किंवा परत लावा. अशा पत्रांचा अहवालही मालक मागवू शकतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही उपाय सक्तीचे केले. गूगलच्या हिशेबी जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणारा तो मोठा. आपला कारखाना एवढा मोठा नाही, तरीही त्याने या नोंदी करून घ्याव्यात. डोमेन पुरवणारी कंपनी हे काम सहसा समजावून देते. सुरुवातीला हुकूम 'नुसती नोंद घ्या' असा ठेवावा, काही आठवडे अहवाल पाहावेत आणि आपली खरी पत्रे अडकत नाहीत अशी खात्री झाली की हुकूम कडक करावा.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. हे उपाय पत्र कोणाकडून आले ते सांगतात. पाठवणारा सज्जन आहे की नाही ते सांगत नाहीत. स्पॅम पाठवणाराही स्वतःचे डोमेन घेऊन सगळ्या नोंदी बिनचूक करू शकतो. म्हणून पत्राच्या आत काय आहे हेही पाहावे लागते.

शब्द मोजणारी गाळणी

सुचणारा पहिला उपाय म्हणजे वाईट शब्दांची यादी. 'मोफत' किंवा 'बक्षीस' हा शब्द आला की पत्र बाहेर! पण ग्राहकाने 'एक नमुना मोफत पाठवाल का?' असे विचारले तर? तेही बाहेर जाईल. उलट स्पॅम पाठवणारा 'ब.क्षी.स' असे लिहून आत येईल. एका शब्दावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. सर्व शब्दांची साक्ष एकत्र तोलली पाहिजे.

असे तोलण्याचे गणित जुने आहे. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा त्यावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. नवा पुरावा हाती आला की आधीचा अंदाज किती बदलावा, हे त्यातून काढता येते. १९९८ साली मेहरान सहामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत नको असलेल्या ई-पत्रांना लावून दाखवली. २००२ साली पॉल ग्रॅहम यांच्या एका निबंधाने ती सर्वदूर पोहोचली.

आपल्या कारखान्याची मागची १,००० पत्रे घेऊ. ती माणसाने वाचून वेगळी केली आहेत: ६०० कचऱ्याची आणि ४०० कामाची. आता मोजणी करू. 'बक्षीस' हा शब्द कचऱ्याच्या १२० पत्रांत सापडला, म्हणजे १०० मागे २०. कामाच्या पत्रांपैकी ४ पत्रांत, म्हणजे १०० मागे १. 'कोटेशन' हा शब्द कचऱ्याच्या ३० पत्रांत, म्हणजे १०० मागे ५; कामाच्या १६० पत्रांत, म्हणजे १०० मागे ४०.

नवे पत्र आले. त्यात 'बक्षीस' आहे एवढेच माहीत असेल, तर हिशेब सोपा आहे. हा शब्द असलेली एकूण पत्रे १२४, त्यांपैकी १२० कचऱ्याची. म्हणजे पत्र कचऱ्याचे असण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के.

पण त्याच पत्रात 'कोटेशन'ही आहे. दोन्ही शब्द असलेली पत्रे किती अपेक्षित? कचऱ्याच्या ६०० पैकी 'बक्षीस' असलेली १२०. त्यांतील १०० मागे ५ मध्ये 'कोटेशन', म्हणजे ६. कामाच्या ४०० पैकी 'बक्षीस' असलेली ४. त्यांतील १०० मागे ४० मध्ये 'कोटेशन', म्हणजे १.६. आता शक्यता ६ भागिले ७.६, म्हणजे ७९ टक्के. एका शब्दाने पारडे खाली आले.

पत्रात 'व्हॉल्व्ह' हाही शब्द आहे. तो कचऱ्याच्या १०० पत्रांमागे १ मध्ये आणि कामाच्या १०० मागे ३० मध्ये येतो. पुन्हा गुणू. ६ चे झाले ०.०६ आणि १.६ चे झाले ०.४८. शक्यता आता ०.०६ भागिले ०.५४, म्हणजे फक्त ११ टक्के! पत्र बहुधा कामाचे आहे. एखाद्या वितरकाने 'दिवाळीच्या बक्षीस योजनेसाठी व्हॉल्व्हचे कोटेशन पाठवा' असे लिहिले असेल. शब्दांच्या यादीने त्याला हाकलले असते. मोजणीने ते वाचवले.

या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे. एक शब्द असण्याचा दुसरा शब्द असण्याशी संबंध नाही, असे मानले आहे. भाषेत हे काटेकोरपणे खरे नसते, तरी निवडीपुरते ते बहुधा चालते. आजच्या गाळण्या शब्दांखेरीज इतर अनेक खुणा पाहतात आणि त्यांचे गणित यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे असते. पण पुरावे तोलून शक्यता काढायची, हे मूळ तत्त्व कायम आहे.

'व्हॉल्व्ह' या शब्दाने काय केले ते पुन्हा पाहा. हा शब्द इतर हजारो कार्यालयांच्या दृष्टीने अर्थशून्य आहे, पण या कारखान्यासाठी तो ओळखीच्या माणसासारखा आहे. प्रत्येक व्यवसायाचे असे स्वतःचे शब्द असतात आणि स्पॅम पाठवणाऱ्याला ते माहीत नसतात. म्हणून स्वतःच्या पत्रांवर शिकलेली गाळणी अधिक नेमकी होते. 'हे स्पॅम आहे' आणि 'हे स्पॅम नाही' ही दोन बटणे त्यासाठीच असतात. नुसते पत्र पुसून टाकले तर गाळणीला फारसे काही कळत नाही. बटण दाबले तर ती शिकते.

दोन चुका, दोन किमती

गाळणी शक्यता सांगते, निर्णय सांगत नाही. किती टक्क्यांपुढचे पत्र अडवायचे, ती रेघ कोणीतरी आखावी लागते. रेघ कोठेही आखली तरी दोन प्रकारच्या चुका होतात. कचरा आत येतो, ही पहिली. कामाचे पत्र अडते, ही दुसरी. एक कमी करायला गेले की दुसरी वाढते.

आकड्यांत पाहू. महिन्याला २५ कामाचे दिवस धरले तर कारखान्याकडे ७५० कचऱ्याची आणि ५०० कामाची पत्रे येतील. कडक गाळणी कचऱ्यातील ९९ टक्के अडवते, पण कामाच्या १०० पत्रांत एक चुकून अडवते. सौम्य गाळणी कचऱ्यातील ९० टक्के अडवते आणि कामाच्या १,००० पत्रांत एक चुकवते. कडक गाळणीत महिन्याला सात-आठ कचऱ्याची पत्रे आत येतील आणि ५ कामाची अडतील. सौम्य गाळणीत ७५ कचऱ्याची आत येतील आणि दोन महिन्यांत एक कामाचे अडेल.

कोणती बरी? ७५ पत्रे पुसायला प्रत्येकी ५ सेकंद लागली, तरी महिन्याला सहा-सात मिनिटे जातील. उलट त्या ५ अडलेल्या पत्रांत एक मोठी मागणी असली तर? पाठवणाऱ्याला वाटते की पत्र पोहोचले. घेणाऱ्याला काहीच वाटत नाही, कारण त्याने ते पाहिलेलेच नाही. दुसरीकडे मागणी जाते आणि आठ माणसांच्या कारखान्यात एका मोठ्या मागणीवर महिन्याचे पगार अवलंबून असू शकतात.

यातून वाट निघते. अडवलेले पत्र नष्ट करू नये, वेगळ्या खणात ठेवावे आणि रोज त्यावर नजर टाकावी. कडक गाळणीच्या खणात रोज सुमारे ३० पत्रे पडतील. प्रत्येकाचे नाव आणि विषय पाहायला दोन सेकंद धरली तर रोजचे काम एका मिनिटाचे! ते कोणाचे, हे मात्र ठरलेले असावे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते. जीमेलमध्ये हा खण ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, म्हणून महिनाअखेरीची वाट पाहू नये. नेहमीच्या ग्राहकांचे पत्ते ओळखीच्या यादीत घालावेत, म्हणजे त्यांची पत्रे अडण्याची शक्यता आणखी कमी होते.

आपणच स्पॅम पाठवतो का?

कारखान्याने दिवाळीच्या शुभेच्छा आणि नवे दरपत्रक हाताशी असलेल्या २,००० पत्त्यांवर पाठवले, तर घेणाऱ्यांच्या दृष्टीने ते काय? ज्यांनी मागितले नाही, त्यांच्यासाठी स्पॅमच. त्यांनी स्पॅमचे बटण दाबले की त्यांची गाळणीही शिकते. मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांच्या तक्रारी १,००० पत्रांमागे ३ पर्यंत पोहोचू देऊ नयेत, असे गूगल सांगते. नाव खराब झाले की आपली साधी कोटेशनेही दुसऱ्यांच्या संशयिताच्या खणात पडू लागतात. म्हणून ज्यांनी होकार दिला त्यांनाच पाठवावे आणि नाव काढण्याची सोय द्यावी. सर्वांचे पत्ते एकमेकांना दिसतील असे पाठवू नये. त्यासाठी 'बीसीसी' ही जागा असते.

गाळणीतून सुटणारे पत्र

सर्वांत धोक्याचे पत्र स्पॅमसारखे दिसतच नाही. 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढचे पैसे नव्या खात्यात भरावेत,' असे कच्चा माल पुरवणाऱ्याच्या नावाने पत्र येते. त्यात बक्षीस नसते, मोफत काही नसते. बिलाचा क्रमांक आणि मालाचे नाव नेमके असू शकते. शब्द मोजणाऱ्या गाळणीला ते कामाचेच वाटेल. पुरवठादाराचा खराखुरा पत्ता चोराच्या ताब्यात गेला असेल, तर एसपीएफ आणि डीकेआयएमही ते योग्य ठरवतील. येथे उपाय जुना आहे. खाते बदलल्याचे कळले की आपल्या वहीतील आधीच्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. वर्तमानपत्रांतून येणारी २० जाहिरातपत्रके आणि शाळेच्या २० सूचना किंवा परिपत्रके जमवा. मुलांचे गट करून 'सवलत', 'त्वरा', 'परीक्षा', 'पालक', 'मोफत' असे दहा शब्द ठरवा आणि प्रत्येक शब्द किती कागदांत आहे ते दोन रकान्यांत मोजा. मग मोजणीत न घेतलेला एक नवा कागद, न सांगता, एखाद्या गटाला द्या. त्यांनी फक्त कोष्टकावरून गुणाकार करून तो कोणता ते सांगावे.

लवकरच एक अडचण येईल. 'परीक्षा' हा शब्द जाहिरातींत एकदाही आला नसेल, तर गुणाकार शून्य होईल आणि बाकीच्या शब्दांची साक्ष वाया जाईल. पण शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत 'परीक्षा' येऊ शकते! वीस कागदांत दिसला नाही म्हणजे कधीच येणार नाही असे म्हणता येईल का? मुलांना यावर उपाय शोधू द्या. प्रत्येक मोजणीत सुरुवातीलाच एक मिळवून ठेवावा, हा उपाय बहुधा कोणीतरी सुचवील. खऱ्या गाळण्यांतही असेच काहीसे करतात.

शेवटी एक प्रश्न फळ्यावर लिहावा: शाळेची सूचना जाहिरात समजून फेकली गेली तर काय होईल, आणि जाहिरात सूचना समजून वाचली गेली तर काय होईल? दोन्ही चुकांची किंमत मुलांनी मांडावी आणि मगच रेघ किती टक्क्यांवर आखायची ते ठरवावे. शक्यता गणिताने काढता येते. रेघ कोठे आखायची, हे मात्र चुकीची किंमत ज्याला मोजावी लागते त्यानेच ठरवायचे असते.